पोराला खेळू दे

खडकी, पुणे
रविवार

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. राज्याच्या संघातून पोराचं नाव गळलं हे वाचून वाईट वाटलं. पण त्याहून जास्त लागलं ते तुझं पुढचं वाक्य. खात्याच्या संघाकडून बोलावणं आलंय आणि तू लिहितोस, ‘त्याला काय करिअर म्हणायचं? आता हॉकी बंद. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहील आणि एमपीएससी करील.’

तुझी फूटपट्टी कुठून आली ते मला कळतं. आपण खडकीतले. धनराज पिल्ले इथल्याच मैदानांवर खेळून चार ऑलिंपिकपर्यंत गेला. ते बघत वाढलेल्या माणसाला त्याखालचं सगळं खुजं वाटतं. म्हणून आज तुला आपल्या हॉकीतलं नाही, बर्फावरच्या हॉकीतलं एक आयुष्य सांगतो. गेले काही महिने मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय.

विली ओरी. जन्म 1935, कॅनडातलं फ्रेडरिक्टन. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 18 जानेवारी 1958 ला मॉन्ट्रियलमध्ये तो बोस्टन ब्रुइन्सकडून उतरला. त्या काळी लीगमध्ये संघच सहा. सगळ्या जगातून शे-सव्वाशे जणांनाच जागा, हे लक्षात घे.

पण त्याआधीचं ऐक. त्याच्या दोन वर्षं अगोदर ज्युनिअर सामन्यात एक फटका दुसऱ्याच्या स्टिकला लागून उडाला आणि पक थेट त्याच्या चेहऱ्यावर आला. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन जेमतेम 170 ग्रॅम. पण बर्फावर ती गोळीसारखी येते, आणि तेव्हा कुणी हेल्मेट घालत नसे. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, खेळ संपला. काही आठवड्यांत हा परत बर्फावर! एका डोळ्याने आंधळ्या खेळाडूला लीगच्या नियमाने बंदी होती, म्हणून त्याने ही गोष्ट दाबून ठेवली. आपल्या क्रिकेटमधल्या पतौडींचाही 1961 च्या अपघातात उजवाच डोळा गेला, पण ते सगळ्या देशाला ठाऊक होतं आणि तरी पुढच्याच वर्षी ते कर्णधार झाले. ओरीला ती मोकळीक नव्हती.

आता तू स्वतः लेफ्ट आउट खेळलायस, म्हणून तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. ओरी डाव्या कडेचा फॉरवर्ड. डावीकडे फळ्यांची भिंत, आणि सगळा खेळ उजवीकडे. पास उजवीकडून येणार, धडकही उजवीकडूनच. आणि उजवा डोळा नाही. प्रत्येक पास घ्यायला पूर्ण मान वळवायची, तेवढ्यात समोरून बचावपटू अंगावर. बर्फावर धडक मारणं हा नियमातलाच खेळ आहे, विसरू नकोस. त्यात प्रेक्षकांतून रंगावरून शिव्या. शिकागोमध्ये तर प्रतिस्पर्ध्याने स्टिकच्या दांड्याने त्याचे पुढचे दात पाडले.

एनएचएलमध्ये तो एकूण खेळला 45 सामने. 1958 मध्ये दोन, बाकीचे 1960-61 च्या मोसमात. गोल चार. त्यातला पहिला 1 जानेवारी 1961 ला मॉन्ट्रियलविरुद्ध, आणि त्याच गोलने सामना 3-2 असा जिंकला. मोसम संपल्यावर बोस्टनने त्याला सोडलं. पुन्हा बोलावणं कधीच आलं नाही.

तुझ्या फूटपट्टीने इथे तो संपला. खरं तर त्याचं खेळणं इथून बहरलं. तो लॉस एंजेलिसला गेला, वेस्टर्न हॉकी लीगमध्ये. ती एनएचएलच्या खालची पायरी. तिथल्या प्रशिक्षकाकडे डावीकडचे खेळाडू जास्त झाले होते, म्हणून त्याने याला उजव्या कडेला टाकलं. डोळ्याचं त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. आणि बघ, आंधळी बाजू भिंतीकडे गेली, सगळा खेळ चांगल्या डोळ्यासमोर आला! मग 1964-65 मध्ये 38 गोल. पुढे सॅन दिएगोकडून अनेक वर्षं. शेवटचा मोसम 1979 मध्ये संपला तेव्हा वय 43. पगारी खेळाडू म्हणून वीस वर्षांहून जास्त, आणि ती जवळजवळ सगळी तू ज्याला ‘खालचं’ म्हणतोस त्या पायरीवर. मला तरी ती पंचेचाळीस सामन्यांपेक्षा मोठी वाटतात. ज्या बाजूला आपल्याला खरोखर दिसतं ती बाजू शोधायला माणसाला मैदानावर राहावं लागतं, बंडू. लवकर उतरला असता तर त्याला ती सापडली नसती.

नंतर त्याने सॅन दिएगोत एका हॉटेलात सुरक्षारक्षकाची नोकरी केली. एनएचएलने त्याला 1998 मध्ये परत बोलावलं, मुलांमध्ये खेळ पसरवायला. 2018 मध्ये तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत आला, आणि बोस्टनने त्याचा जर्सीवरचा 22 नंबर कायमचा राखून ठेवला तो 18 जानेवारी 2022 ला, पहिल्या सामन्याच्याच तारखेला. हे सगळं झालं ते छान झालं. पण समजा झालं नसतं, तरी ती वीस वर्षं तेवढीच खरी.

तुझं पोरगं बावीसचं आहे. त्याला दोन डोळे आहेत, खात्याची नोकरी मिळतेय, रोजचा सराव मिळतोय, वर्षभर स्पर्धा मिळणार. एमपीएससीला वयाची मर्यादा सैल आहे रे, पायांना नाही. निदान तीन मोसम त्याला खेळू दे. मागच्या दिवाळीत मी त्याला पाहिलं तेव्हा तो मधल्या फळीत जास्त मोकळा वाटला होता, पुढे नाही. खात्याच्या संघात त्याला तिथे खेळवून बघायला कुणीतरी तयार होईल. राज्याच्या निवड चाचणीत कुणाला तेवढा वेळ नसतो.

ट्रायलच्या आधी त्याला आठवडाभर माझ्याकडे पाठव. सकाळी मैदानावर मी स्वतः घेऊन जाईन. आणि कागद भरायची शेवटची तारीख जवळ असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस, सरळ फोन कर. वहिनींना नमस्कार सांग. त्यांचं मत काय आहे तेही विचार, तुझ्या पत्रात ते कुठेच नव्हतं.

तुझाच,
आप्पा