टाइप वनवाल्यांची शुगर, थोडं आमच्याकडूनही ऐका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर डायबिटीसवरचा लेख दिसला की मी आधी त्याचा शेवट वाचते. तिथे बहुतेक वेळा हेच असतं, वजन उतरवा, रोज चाला, गोड बंद करा म्हणजे औषधं कमी होतील, कदाचित सुटतीलही. आता हे टाइप टू साठी लिहिलेलं असतं आणि त्यांच्यासाठी बऱ्यापैकी बरोबरही आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही, पण आपण कुठल्या टाइपबद्दल बोलतोय हे अख्ख्या लेखात सांगितलेलंच नसतं. मग ज्यांच्या पोराला नुकतंच टाइप वन निघालंय ते आईबाप काय समजणार? पोराला पळवू, गोड तोडू आणि हळूहळू इन्सुलिन बंद करू. त्यात सुरुवातीचे काही महिने बऱ्याच जणांचा हनिमून पिरियड असतो, म्हणजे स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी थोडंफार इन्सुलिन बनवत असतात, डोस खरंच खाली येतो आणि घरच्यांना वाटतं उपाय लागू पडला. पुढे तो काळ संपतो, इन्सुलिन तर बंद केलेलं असतं, आणि पोरगं उलट्या करत, धापा टाकत इमर्जन्सीत पोचतं. कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात त्याला, जीव जाऊ शकतो त्यात. म्हणून एवढीच विनंती की लेखाच्या पहिल्या दोन ओळींत टाइप लिहीत जा.

टाइप वन म्हणजे काय ते पटकन सांगते. आपलीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. गोड जास्त खाल्लं म्हणून होत नाही, आळशीपणामुळे होत नाही, आणि फक्त लहान मुलांनाच होतो असंही नाही, चाळिशीतही निघतो. इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याच्या आधी डॉक्टरांच्या हातात जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं, आणि त्यानेही मरण फक्त थोडं पुढे ढकललं जायचं. तेव्हा "गोड सोडून बघ ना" हा प्रयोग आमच्यावर शंभर वर्षांपूर्वीच करून झालाय.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं शुगर सांभाळणं म्हणजे जिभेवर ताबा. जिभेचं सोडा हो, खरं त्रांगडं वेळेचं आहे. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात सोडतं, लागेल तेवढंच, आणि शुगर उतरायला लागली की हात आखडता घेतं, आधी सोडलेलं काही मिनिटांत संपून जातं. आम्ही ते पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीत टोचतो. रॅपिड म्हणून जे मिळतं त्यालाही कामाला लागायला १० ते २० मिनिटं, जोर चढायला एक-दोन तास, आणि नंतर तीन ते पाच तास ते आत रेंगाळत असतं. एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही! हे एवढं लक्षात घेतलं तरी आमचं निम्मं आयुष्य समजेल. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं टोचायचं, म्हणजे ताटात नक्की काय आणि किती येणार ते कळायच्या आधीच त्यातले कार्ब्स, म्हणजे शुगर चढवणारा पिष्ट-साखरेचा भाग, मोजून झालेले हवेत, आणि टोचल्यावर जेवण अर्धा तास लांबलं तर ताट यायच्या आधी हातपाय थरथरायला लागतात. बरं, ताट आल्यावर टोचू म्हटलं तर शुगर पुढे पळते आणि इन्सुलिन मागून धावतं. जेवण तेलातुपाचं असलं की आणखी वेगळं, दोन तासांनी आकडा छान दिसतो, आपण खूश, आणि चार तासांनी बघावं तर २४० कारण फॅटमुळे पचन लांबलेलं असतं आणि तोवर इन्सुलिन ओसरलेलं असतं.

म्हणून नुसता आकडा विचारून काही कळत नाही. माझ्या हातावर सेन्सर आहे, तो सतत शुगर मोजून आकडा आणि ती कुठल्या दिशेने चाललीय त्याचा बाण फोनवर दाखवतो. परवा मीटिंगमध्ये फोन वाजला, १३०, शेजारच्या सहकाऱ्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला अरे वा मस्त आहे की शुगर. मी तेव्हा टेबलाखाली ग्लुकोजच्या गोळ्यांचं पाकीट फोडत होते, कारण १३० च्या शेजारी बाण सरळ खाली तोंड करून होता. माझ्या सेन्सरवर त्याचा अर्थ मिनिटाला दोनपेक्षा जास्त पॉइंट उतरतायत, म्हणजे काही केलं नाही तर अर्ध्या तासात ७०, आणि ७० च्या खाली गेलं की आमचा हायपो सुरू. तोच १३० आडव्या बाणाचा असता तर मी ढुंकून बघितलं नसतं, आणि तोच १३० वर तोंड केलेल्या बाणाचा आणि नुकतंच खाल्लेलं, डोस राहिलेला, तर घाई उलट्या दिशेने. पण आमच्याकडे बघणाऱ्याला फक्त आकडा दिसतो, आणि गोळी तोंडात टाकताना दिसली की "तुला शुगर आहे ना, मग गोड कशी खातेस?"

वर गेलेली शुगर खाली आणायची ती पण याच वेळेच्या भानगडीत. एक ढोबळ नियम असा की १८०० ला दिवसभरातल्या एकूण इन्सुलिनने भागायचं, म्हणजे कुणाला दिवसाला ३६ युनिट लागत असतील तर एक युनिट साधारण ५० पॉइंट उतरवेल. २८० वरून १३० वर यायचंय तर तीन युनिट. (हा नुसता सुरुवातीचा अंदाज, स्वतःचा आकडा डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचा, माझ्या पत्रावरून नाही.) पण त्या तिनातून आधीच्या डोसचं जे अजून आत शिल्लक असेल ते वजा करावं लागतं, आणि इथे माणूस फसतो. तीन टोचले, तासाभराने बघावं तर २६०. डोकं फिरतं. आणखी तीन मारले. मग दोन्ही डोसांचा जोर एकमेकांवर चढतो आणि दोन-तीन तासांनी ५० ला घाम फुटलेला. डोस मारून गप्प बसायचं, बस, यापेक्षा अवघड काम या आजारात नसेल.

आणि सगळं काटेकोर करूनही चुकतंच. पहाटे शरीर स्वतःहून कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन सोडतं, लिव्हर साखर सोडतं आणि रात्री ११० ला झोपलेला माणूस न खाता न पिता १९० ला उठतो. चाललं की शुगर उतरते पण जोरात स्प्रिंट मारली किंवा जड वजनं उचलली तर अ‍ॅड्रेनलिनमुळे चढू शकते, आणि त्याच व्यायामाची वसुली कधीकधी रात्री झोपेत शुगर पाडून होते, कित्येक तासांनंतर. पाळीच्या आधी काही दिवस बऱ्याच जणींना इन्सुलिन जास्त लागतं आणि पाळी सुरू झाली की तोच डोस भारी पडतो. गरम पाण्याची अंघोळ डोस घेतल्याघेतल्या केली तर इन्सुलिन पटकन शोषलं जातं. इन्सुलिन उन्हात तापलं तर बिघडतं आणि दिसायला मात्र तसंच पाण्यासारखं स्वच्छ. एक गोष्ट तर फार कमी जण तपासतात, टोचायच्या जागा. एकाच जागी वर्षानुवर्षं सुई मारली की कातडीखाली चरबीची मऊ रबरी गाठ तयार होते, बोटांनी सावकाश चाचपलं की कळते, आणि तिथे टोचलेलं कमी दुखतं म्हणून माणूस परत परत तिथेच जातो. पण त्या गाठीतून इन्सुलिन शोषलं जाण्याचा काही भरवसा नाही, आज लवकर, उद्या अर्धवट. "काही बदललं नाही तरी शुगर वेड्यासारखी का वागतेय" याचं उत्तर पुष्कळदा पोटावरच असतं. आणि जागा बदलायची ठरवलीत तर आधी डॉक्टरांना विचारा कारण ताज्या जागेत जुना डोस एकदम पूर्ण लागू पडतो आणि धाडकन लो होते.

आजारपणात तर फार गोंधळ होतो. ताप आहे, पोरगं काही खात नाहीये, मग इन्सुलिन कशाला द्यायचं, असं घरच्यांना अगदी साहजिकपणे वाटतं. पण तापात शरीराला इन्सुलिन उलट जास्त लागू शकतं, आणि दिवसभराचं बेसल, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं पायाचं इन्सुलिन, तर जेवण नसलं तरी बंद करायचंच नसतं. शुगर सारखी तपासायची, कीटोन्स (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साचणारी आम्लं) तपासायचे, पाणी पाजत राहायचं. रक्तातले कीटोन्स ०.६ च्या खाली असले तर ठीक, दीडच्या पुढे गेले तर डॉक्टरांना लगेच फोन, तीनच्या पुढे किंवा उलट्या थांबत नसतील तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

कंट्रोलचं म्हणाल तर तिथेही लोक एकाच बाजूने बोलतात, शुगर कमी ठेवा, कमी ठेवा. कमी ठेवायचा फायदा मोठा आहे, यात वाद नाही. १९९३ मध्ये डीसीसीटी नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, १४४१ टाइप वनवाले, एका गटाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, सात टक्क्यांच्या आसपास ठेवली आणि दुसऱ्याची नऊच्या आसपास, तर ज्यांचे डोळे आधी ठीक होते त्यांच्यात रेटिना, म्हणजे डोळ्याचा पडदा, बिघडायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच कडक कंट्रोलवाल्या गटात दुसऱ्याची मदत लागावी असे हायपो जवळजवळ तिप्पट झाले, हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही. हल्ली सेन्सरमुळे टाइम इन रेंज बघतात, ७० ते १८० च्या मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी. जरा हिशोब करा, टार्गेट बरोबर गाठलं तरी दिवसातले सातेक तास आकडा बाहेर असू शकतो. तेवढं बाहेर असणं धरूनच ते टार्गेट ठरवलंय. तरी पोराचा मीटर २२० दाखवतो आणि घरात पहिला प्रश्न येतो "काय खाल्लंस?", मग दोन-चार वेळा असं झालं की पोरगं एकतर मीटर लपवतं नाहीतर तपासणंच सोडतं. वहीत खोटे आकडे लिहिणारी पोरं असतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

शेवटचं हायपोबद्दल, कारण हे घरच्या आणि ऑफिसच्या लोकांना उपयोगी पडेल. हायपोत नुसतं गरगरत नाही, माणूस चिडतो, विचित्र बोलतो, "मी ठीक आहे" म्हणत भांडतो, मेंदूला साखर कमी पडलेली असते. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, १५ ग्रॅम साखर द्या, ग्लुकोज, ज्यूस किंवा साधी साखर पाण्यातून. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा पोचते. आणि कृपा करून शुगर फ्री कोल्ड्रिंक आणू नका, चांगल्या मनाने हे अनेकदा केलं जातं आणि त्या क्षणी ते फक्त पाणी असतं. मग १५ मिनिटं थांबून बोट टोचून तपासा, नुसत्या सेन्सरवर जाऊ नका, तो रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो आणि काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे शुगर वर यायला लागली तरी तो लोच दाखवत राहतो आणि माणूस घाबरून अख्खा फ्रिज खातो. अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. (रात्री सेन्सर दबेल असं कुशीवर झोपलं तरी खोटी लो दाखवून तो घरभर सगळ्यांना उठवतो, ते वेगळंच.)

माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, साखर नाही, पाणी नाही, घशात अडकेल. कुशीवर झोपवा, ॲम्ब्युलन्स बोलवा, घरात ग्लुकॅगॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर ते द्या, आणि "डायबिटीस आहे ना" म्हणून इन्सुलिन तर मुळीच टोचू नका. ग्लुकॅगॉननंतर शुद्धीवर येताना उलटी होऊ शकते, तेव्हा कुशीवरच राहू द्या, आणि नीट गिळता यायला लागलं की मग काहीतरी गोड द्या आणि पुढचे काही तास त्याला एकट्याला सोडू नका.

आपली वाचक,
टाइप वन, शाळेत असल्यापासून
(कृपया नाव छापू नये)