सुभेदार काकांना, थोरलीकडून

आदरणीय सुभेदार काका,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "हे काय लावलंय" म्हणता आणि चहा मागता. म्हणून लिहून टाकते, तेही चारचौघांत.

बाबांच्या मागे आईची फॅमिली पेन्शन सुरू झाली. बाबांच्या डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि जन्मतारखेचा कुठेच पत्ता नाही. एका ऑफिसातून अर्ज परत आला तेव्हा तुम्ही ट्रंकेतली सगळी कागदपत्रं फरशीवर पसरून बसलात. बाबांच्या गार्ड्स रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आपल्या कामठीतच, म्हणून प्रतिज्ञापत्र घेऊन भर उन्हात स्कूटरवर तुम्हीच गेलात. मी म्हटलं, नाव जुळलं ना, पुरे आता. तुम्ही ऐकलं नाही. "जन्मतारीखही आत्ताच लावून घे पोरी. ऐंशी पूर्ण झाली की वीस टक्के वाढतात. तेव्हा वहिनी कोणाच्या दारात उभ्या राहतील?" या वाढीची आम्हा तिघा भावंडांना गंधवार्ताही नव्हती.

पेन्शनचं काम रखडत का होईना, आणखी कुणी करून दिलं असतं. बाबांना बोलतं करणं मात्र तुम्हालाच जमलं.

१६ डिसेंबरला ते 'पूर्वी स्टार' हे एकाहत्तरच्या लढाईचं पदक काढायचे, पुसायचे, परत डबीत ठेवायचे. विचारलं तर "होतो तिकडे", बस. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा गुडघे धरलेले असूनही ते ताडकन उभे राहिले, कारण ते हवालदार म्हणून रिटायर झालेले आणि तुम्ही सुभेदारसाहेब. तुम्ही खांद्याला धरून त्यांना खाली बसवलंत. "बसा उस्ताद. तुम्ही लढत होता तेव्हा मी चड्डीत होतो." आणि लगेच पुढे, बाबांच्या पलटणीचं नाव घेऊन, "फोर गार्ड्स ना? मेघना कशी पार केली?"

इतका नेमका प्रश्न आमच्यापैकी कुणाला विचारता आला असता? तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवलेला, म्हणून ९ डिसेंबर १९७१ ला पलटण एमआय-४ हेलिकॉप्टरांतून पलीकडे रायपुऱ्याला उतरवली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा हवेत उडाले ते तेव्हा. एसटीतही मळमळणारा माणूस! डोळे मिटून बसले होते म्हणे, एवढी मोठी नदी पाहिलीच नाही. पुढे नरसिंगदीच्या वाटेवर गावकऱ्यांनी सामान वाहायला हात दिला, ते सांगताना आवाज बसला त्यांचा. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मला नाही कधी सांगितलं हे." बाबा म्हणाले, "तू कधी विचारलं?" त्यावर आईने जो कटाक्ष टाकला तो तुम्हीही पाहिलात.

तुम्हाला बाबा भेटले ते शेवटच्या दोन-तीन वर्षांतले. त्याआधीचे थोडे सांगते. सुट्टीवर आले की माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर चढायच्या. युनिटमधून येणाऱ्या इनलँडवर आईचा मजकूर मध्ये, माझा नि दादाचा खाली, आणि दुमडायच्या पट्टीवर धाकट्यासाठी दोन ओळी, मोठ्या अक्षरांत, कारण तो नुकताच वाचायला शिकत होता. रिटायर झाल्यावर रात्रपाळीचे गार्ड झाले. सकाळी सायकलवरून आल्यावर आमचे डबे भरायचे, बूट चमकवायचे, मगच झोपायचे. आईचे हात संधिवाताने आखडले तेव्हा कणीक मळणंही त्यांच्याकडेच आलं. पोळ्या मात्र कधी गोल झाल्या नाहीत.

तेरवीला तुम्ही पलटणीतल्या आणखी दोघांना घेऊन आलात. बाबांच्या फोटोसमोर तिघांनी सॅल्यूट केला, तेव्हा माझा मुलगाही तुमच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला तुम्ही हळूच टाचा जुळवायला सांगितलंत, तेही मी पाहिलं.

आता एक काम. या रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. बाबांच्या पद्धतीचा सावजी रस्सा दादा करतो, तिखट जरा हाताबाहेर जातं. मटण आई आणणार आहे, स्वतःच्या पेन्शनमधून, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

तुमची,
हवालदारांची थोरली
नागपूर