आमचा बसथांबा मोकळा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली बेकायदा फलकांची बातमी वाचली. ‘कारवाई सुरू आहे’ हे अधिकाऱ्यांचे नेहमीचे वाक्य शेवटी होतेच. पेपर घडी करून ठेवला, पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेले नाही, म्हणून सकाळी चहाच्या आधी लिहायला बसलो आहे. ही कारवाई कुठे सुरू आहे ते मला कोणीतरी दाखवावे. आमच्या दादरला, गोखले रोडवर, ती अजून पोचलेली नाही. आमच्या घरात मात्र एक हात प्लास्टरमध्ये आहे, आणि तो माझ्या पत्नीचा आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. वय अडुसष्ट, एक गुडघा बदललेला. माहीमच्या अलीकडे रिक्षा चालत नाहीत आणि टॅक्सीवाल्याला जवळचे भाडे नको असते, हे मुंबईकराला सांगायला नको. आमच्यासारख्यांना बसच. थांबा घरापासून दोनशे पावलांवर आहे. या थांब्याला बाजूने लाकडी चौकट उभी करून त्यावर फलक ताणला होता, रस्त्याच्या तोंडाशी, बस येते त्याच बाजूला. बसच्या नंबरांची पाटी त्यामागे पूर्ण झाकली गेली होती. थांब्यात उभ्या माणसाला येणारी बस दिसत नाही आणि ड्रायव्हरला थांब्यातला माणूस दिसत नाही. एक बस अशीच न थांबता गेली. ड्रायव्हरला मी दोष देत नाही, त्याला तिथे कोणी उभे आहे हे कळणारच कसे? दुसरी चुकू नये म्हणून ही फुटपाथवरून खाली उतरली आणि फलकाच्या पलीकडे वाकून बघू लागली. मागून आलेल्या मोटरसायकलचा आरसा तिच्या पिशवीच्या बंदात अडकला. ती हातावर पडली. मनगटाचे हाड मोडले. मोटरसायकलवाला मुलगा थांबला, त्यानेच तिला उचलून बसवले, पाणी दिले, मला फोन लावला. तो पळून गेला नाही, हे मुद्दाम लिहितो.

मी धावत पोचलो तेव्हा ती थांब्याच्या त्या उतरत्या नळ्यांच्या बाकावर, घसरू नये म्हणून पाय रोवून बसली होती. मांडीवर डोळ्यांच्या रिपोर्टची फाईल, चष्म्याची एक काडी वाकलेली, आणि डोक्यावर तो फलक. त्या दिवशी तो मी पहिल्यांदा नीट वाचला. मधोमध वाढदिवस असलेले साहेब, हात जोडलेले, माणसाच्या दुप्पट आकाराचे. वरच्या पट्टीत पक्षाचे मोठे नेते, मानाप्रमाणे लहान-मोठे. खालच्या पट्टीत शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोएवढे, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. दुसऱ्या दिवशी जाऊन मोजले, एकतीस चेहरे. ‘जनसेवक’, ‘युवकांचे आशास्थान’. एक कोपरा फाटून लोंबत होता, त्याच्या आत मागच्या महिन्यातला फलक दिसत होता: ‘मतदार बंधू-भगिनींचे जाहीर आभार’. जुना काढायचे कष्टही कोणी घेतले नव्हते. त्यावरच नवा ठोकला होता. १५ जानेवारीला महापालिकेच्या निवडणुकीत आम्ही दोघांनी रांगेत उभे राहून मत दिले. हिने काठी टेकत टेकत दिले. तिचे आभार मानणाऱ्या फलकाखालीच तिचा हात मोडला, याचा मला मनापासून संताप आहे.

फलकावर एक मोबाईल नंबर होता, तो लावला. पलीकडचा मुलगा नम्रपणे बोलला. ‘काका, फक्त दोन दिवस, साहेबांचा वाढदिवस झाला की लगेच काढतो. काकूंना कसं वाटतंय आता?’ संध्याकाळी दारावरची बेल वाजली. तिघे जण, हातात फळांची परडी, वर चकचकीत कागद आणि रिबीन. तिसऱ्याच्या हातात फोन, तो आधीपासूनच धरलेला. ‘काका, तुम्ही काकूंच्या बाजूला उभे राहा, एक फोटो घेतो.’ मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, ‘बाळा, फळं राहू दे. आधी तो बोर्ड काढ, मग काय ते फोटो घे.’ मुलगा ओशाळला. वाईट मुलगा नव्हता तो, आमच्या नातवाच्या वयाचा असेल. पण परडी घेऊन गेला आणि फलक तिथेच राहिला. दोन दिवसांचे आता आठ झाले.

मग मी रीतसर तक्रार केली. तक्रारीचा नंबर मिळाला. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. मी मेसेज हातात धरून थांब्यावर गेलो. फलक जागच्या जागी. वॉर्ड ऑफिसात गेलो तर पहिल्या टेबलावर सांगितले, हा लायसन्स खात्याचा विषय. लायसन्स खात्यात सांगितले, गाडी संध्याकाळी निघते, पण पोलीस बंदोबस्ताशिवाय माणसे हात लावायला घाबरतात. ज्याने हे सांगितले तो कर्मचारी खरे बोलत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. गेल्या खेपेला फलक काढताना त्यांच्यातल्या एकाला धमकावले होते म्हणे. मग कायदा कोणासाठी आहे? मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर सविस्तर निकाल दिला. त्याला नऊ वर्षे झाली. आणि फलकावर तर गुन्हेगार स्वतःचा फोटो, नाव आणि फोन नंबर छापून देतो. पोलिसांना शोधायला काही शिल्लकच नाही.

कोणी म्हणेल, एक बारका फलक, त्याचे एवढे काय. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळले आणि सतरा माणसे गेली. ४० बाय ४० फुटांच्या जागी १२० बाय १२० फुटांचे उभे होते. तेही रोज शेकडो लोकांना दिसत होते. ते पडेपर्यंत प्रत्येकाने आपला विषय दुसऱ्या टेबलावर ढकलला असणार, हे या आठ दिवसांत मला चांगले समजले.

मला एक जुना नगरसेवक आठवतो. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. २६ जुलै २००५ ला आमच्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते आणि नाक्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडले होते. हे गृहस्थ बनियन आणि हाफपँटवर, हातात एक बांबू घेऊन, संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत त्या मॅनहोलशी उभे राहिले. ऑफिसातून चालत येणाऱ्या प्रत्येकाला ‘इकडून, इकडून’ म्हणून बाजूने काढले. मीही त्या रात्री फोर्टपासून चालत आलो आणि त्यांच्याच आवाजावर गल्लीत वळलो. त्यांनी त्याचा फलक लावला नाही. पुढच्या वाढदिवसालाही नाही. त्या पक्षाला मी कधी मत दिले नव्हते, पण त्या माणसाला दोन वेळा दिले. आमच्या थांब्यावरची चौकट ज्या बांबूला बांधली आहे, तो बघितला की मला दर वेळी त्यांची आठवण येते.

नंतर ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे या शहराला नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. नगरसेवक नाहीत म्हणजे बेस्ट समितीही नाही. त्याच काळात, ९ मे २०२५ पासून, बसचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, एसीचे सहाचे बारा. दुप्पट. यावर समितीत उभा राहून एक प्रश्न विचारायलाही लोकांचा माणूस नव्हता. आमच्या थांब्यावर पूर्वी दहा मिनिटांत येणारी बस आता अर्धा तास येत नाही. म्हणून तर ती एक बस सुटली तेव्हा हिचा जीव कासावीस झाला. आता निवडून आलेले परत बसले आहेत. आमच्या प्रभागातल्या थांब्यांवर किती बस येतात, किती वेळाने येतात, बाकावर म्हातारे माणूस बसू शकते का, हे एकदा स्वतः थांब्यावर उभे राहून बघा, एवढेच मागणे आहे. त्यासाठी निधी लागत नाही. सकाळचा एक तास लागतो.

आता आपल्याबद्दल. आपल्या वृत्तपत्राचा मी चाळीस वर्षांचा वाचक आहे, म्हणून हक्काने लिहितो. ज्या साहेबांच्या फलकाखाली माझी पत्नी पडली, त्याच साहेबांची वाढदिवसाची पानभर जाहिरात आपल्या अंकाला पहिल्या पानाच्याही वर गुंडाळलेली होती. तेच हात जोडलेले, वर तेच नेते, खाली तेच शुभेच्छुक. बातमी वाचायला ते पान आधी उलटावे लागले. त्यानंतर चारच दिवसांत आपण आतल्या पानावर फलकबाजीविरुद्ध बातमी छापलीत. जाहिरात बेकायदा नाही, मला कळते. कागद महाग झाला आहे, पगार द्यायचे असतात, तेही कळते. पण सकाळी दारात पेपर पडतो तेव्हा पहिली दिसते ती बातमी असावी, असे मला वाटते. तुम्हीच तुमची दर्शनी भिंत भाड्याने दिलीत, तर थांब्याची भिंत फुकट बळकावणाऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार? निदान ज्यांच्या बेकायदा फलकांची बातमी तुम्ही छापता, त्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती घेणार नाही, एवढे तरी जाहीर करा. मी पेपर बंद करणार नाही. पण उत्तर मला हवे आहे.

हिच्या मनगटाचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघेल असे डॉक्टर म्हणाले. डाव्या हाताने ती सध्या भाकरी थापायचा हट्ट करते आणि मी तिला उठवून बाहेर बसवतो. डोळ्यांची तपासणी राहिलीच. पुढची तारीख मिळाली आहे, त्याच थांब्यावरून जायचे आहे. काल संध्याकाळी बघून आलो. साहेबांच्या चेहऱ्यावर आता एका दुकानाच्या उद्‌घाटनाचा छोटा फलक लागला आहे, नंबरांची पाटी अजून तशीच झाकलेली आहे. घरची कात्री घेऊन सुतळी कापावी असे मनात आले होते. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुमच्यावरच केस होईल.’ म्हणून हे पत्र.

मागच्या वेळी माझे पत्र आपण निम्मे कापून छापलेत. या वेळी जागा कमीच असेल तर कायद्याचा भाग कापा. आपल्या पहिल्या पानाबद्दल लिहिले आहे ते राहू द्या.

आपला,
एक वाचक, दादर (पश्चिम)