गोगलगायींचं औषध टाकताना

संपादक महोदय,
भातात गोगलगायी दिसल्या की लोक लगेच औषध टाकून मोकळे होतात, पण ते काम कसं करतं हे कोण बघतंय? मेटाल्डिहाइडच्या गोळ्या खाल्ल्या की गोगलगायीचा चिकट स्राव भसाभसा निघतो आणि ती वाळून मरते, कुत्र्यानं खाल्ल्या तर तोही जातो. निक्लोसामाइड हे गोगलगायींचं दुसरं औषध तर मासेपण मारतं. आणि गंमत म्हणजे सोनेरी गोगलगायीची गुलाबी अंडी पाण्याच्या वर काडीला चिकटलेली असतात, तिथे पाण्यातलं औषध पोचतच नाही, ती हातानेच खरवडून चिरडावी लागतात. लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पाणी अगदी कमी ठेवलं तर गोगलगायींना फिरणं जड जातं. औषध टाकलंच तर निदान ते पाणी लगेच ओढ्यात सोडू नका राव.
— एक शेतकरी