आई, रात्रीचा पंखा बंद करू नकोस

लेस्टर, इंग्लंड
16 मार्च 2025

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

शिमग्याची पालखी आपल्या खळ्यात नाचली, तो व्हिडिओ भाच्यानं पाठवला. चारदा पाहिला. पण त्याच व्हिडिओत, अगदी शेवटी, आई पडवीच्या पायरीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घेताना दिसली. डोक्यावर पंखा होता आणि तो बंद होता. लाइट गेलेली नव्हती, कारण मागे माजघरातला दिवा चालू होता. मी भाच्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आजी पंधरा तारखेनंतर पंखा लावत नाही. युनिट शंभरच्या वर जातील म्हणते."

फोनवर आकडे सांगितले की तुम्ही दोघंही "बरं, बरं" म्हणता आणि विषय वाडीच्या शिपण्यावर जातो. म्हणून आज कागदावर लिहिते आहे. बाबा, तुम्ही हे चष्मा लावून आईला वाचून दाखवा.

भाच्यानं फेब्रुवारीच्या बिलाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. 96 युनिट. आई, कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेलं तुझं मीटरचं रीडिंगही पाहिलं. एवढी शिस्त माझ्याच्यानं होत नाही. पण ज्या भीतीनं तू ती पाळतेस, ती भीतीच चुकीची आहे. तुला वाटतं की मीटर शंभरच्या पुढे एक युनिट जरी गेला तरी सगळं बिल चढ्या दरानं येतं. तसं नाही. पहिले शंभर युनिट स्वस्त दरानंच धरतात, महिन्याला दोनशे जळले तरी. महाग दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना.

2024-25 चे दर बिलावर आहेतच: शंभरपर्यंत 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29. त्यावर प्रत्येक युनिटला 1.17 वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा, महिन्याचा स्थिर आकार 128, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन दर महिन्याला बदलतं, ते मी सोडून दिलं. या हिशेबानं 96 युनिटांचे साधारण 803 रुपये होतात. आणि पंखा लावून 118 झाले असते तर? 1,070. म्हणजे 267 रुपये जास्त. कमी नाहीत, मला कबूल आहे. दर वाढतायत हेही खरं. एप्रिल 2023 पासून हेच आकडे 4.41 आणि 9.64 होते, वर्षात कुठे गेले ते बघा. पण "बिल दुप्पट होईल" म्हणून तू रात्रभर घामानं निथळत पडतेस, ते दुप्पट होत नाही एवढंच मला सांगायचंय.

बाबा, तुम्ही दर वेळी विचारता, तिकडे बिल किती येतं, आणि मी दर वेळी टाळते. आज सांगते. इथं 2025 च्या या पहिल्या तिमाहीत विजेचं युनिट सुमारे 24.86 पेन्स आहे, म्हणजे आपले सत्तावीस रुपये. शिवाय एकही दिवा लावला नाही तरी रोजचे 61 पेन्स स्थिर आकाराचे. महिन्याचे दोन हजार रुपये नुसतं मीटर भिंतीवर आहे म्हणून. घर तापवायला आणि अंघोळीच्या पाण्याला गॅस, तोही पाइपनं येतो आणि युनिटांतच मोजतात, साधारण सव्वासहा पेन्सला एक. जानेवारीत आमचे 240 युनिट वीज आणि 1,300 युनिट गॅस झाला. दोन्हींचे स्थिर आकार धरून 170 पौंड. रुपयांत अठरा हजार सातशे. ऐकून छातीत धस्स होईल तुमच्या, म्हणून बोलत नव्हते. इथला पगारही पौंडात आहे हे ध्यानात ठेवा, घाबरू नका. पण माझ्या घरी तिघं माणसं आणि महिन्याला दीड हजारावर युनिट, आणि तुमच्या घरी 96, हे शेजारी शेजारी लिहिल्यावर मला फार वाईट वाटलं. गेल्या वर्षी मीच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, "बाबा, वीज जपून वापरा." कुणाला सांगत होते मी!

एप्रिल 2025 पासून इथलेही दर वाढतायत, युनिट 27 पेन्सला. ऑफजेम म्हणून नियामक आहे, तो दर तीन महिन्यांनी कमाल दर ठरवतो, आपल्याकडे वीज नियामक आयोग ठरवतो तसा. 2022 साली मात्र कहर झाला. युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅस कडाडला, आणि इथली बरीच वीज गॅसवरच होते. वर्षभरात युनिट 21 पेन्सवरून 28 आणि मग ऑक्टोबरला 34. सरकारनं त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला 400 पौंड बिलातून वजा करून दिले, तरी माणसं बिथरली.

त्याच हिवाळ्यातली आमच्या शेजारच्या आजींची गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या. इथं स्वयंपाकघरात एक छोटा पडदा ठेवलेला असतो, त्यावर आज किती पैशांची वीज जळली ते क्षणाक्षणाला दिसतं. किटली लावली की आकडा भरभर चढतो. आजी त्या पडद्यासमोर बसून असायच्या. हीटर बंद, अंगात ओव्हरकोट, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. दिवसा लायब्ररीत जाऊन बसायच्या, कारण तिथं फुकट ऊब. एकदा मी डाळीचं सूप घेऊन गेले तर घरात तोंडातून वाफ निघत होती. पुढे छातीत कफ साठून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. पैसे नव्हते असं नाही, आई. पैसे होते. भीती होती. तुला पुठ्ठ्यानं वारा घेताना पाहिलं आणि मला त्या ओव्हरकोटातल्या आजी दिसल्या. 2024-25 च्या या हिवाळ्यात तर पेन्शनवाल्यांना मिळणारी 200 ते 300 पौंडांची मदतही बहुतेकांची बंद झाली, मी रोज संध्याकाळी त्यांचं दार वाजवून येते.

आता आपल्या घरचं. पंखा वीज खात नाही, फ्रिज खातो. हे अंदाजानं नाही म्हणत. भाच्याला मी दोन रात्री कामाला लावलं होतं. रात्री दहाला सगळं बंद करून त्यानं मीटर वाचला, सकाळी सहाला पुन्हा वाचला. मधे फक्त फ्रिज चालू. दोन्ही रात्री फरक 0.7 युनिट. म्हणजे दिवसाला दोनाच्या वर आणि महिन्याला 63! तुमच्या 96 मधले 63 त्या एका फ्रिजचे. उरलेल्या तेहतिसात दिवे, मिक्सर, टाकीची मोटर, टीव्ही, सगळं.

तो फ्रिज 2001 साली चिपळूणहून टेम्पोत आणलेला, मला आठवतं, पावसाची सर आली तेव्हा तुम्ही तुमची इरली त्याच्यावर घातली होती. दाराचं रबर गेलंय, म्हणून आई दाराला स्टूल टेकवून ठेवते. पाहिजे तर बघा: दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि ओढायचा. आपला कपटा नुसता सुटून हातात येईल. गार हवा रात्रंदिवस तशीच बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो.

आजच्या तेवढ्याच आकाराच्या फ्रिजवर जे ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दोनशेच्या आतला घ्यायचा. महिन्याला सोळा-सतरा पडतात. म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस युनिट वाचले. साधा पंखा 75 वॉटचा, रात्रीचे आठ तास लावला तर महिन्याला 18 युनिट. तुम्हा दोघांच्या खोल्यांत दोन पंखे रात्रभर फिरले तरी छत्तीस. मीटर नव्वदच्याही आत राहील. पंखेही नवे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, लावले तर ते तीसेक वॉटवर चालतात, पण ती घाई नाही.

पैसे मी दादाच्या खात्यावर टाकले आहेत. परत पाठवू नका. आई म्हणेल, चालतोय तो फ्रिज, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या कुठे ठेवू? नव्यात ठेव. आंब्याच्या हंगामाच्या आधी आणा म्हणजे रसालाही जागा होईल.

सोलरबद्दल बाबांनी विचारलं होतं. तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे हे खरं, पण नव्वद युनिटांच्या घराला एवढं मोठं कशाला? शिवाय कौलांवर वानरं कशी धुडगूस घालतात ते तुम्हीच सांगता, आणि माडाखाली काच बसवायची माझी हिंमत नाही. अंघोळीचं पाणी चुलीवर झावळ्या-करवंट्यांवर तापतंय ते तसंच राहू द्या, गीझर घेऊ नका.

फ्रिज आला की भाच्याला पुन्हा दोन रात्री मीटर वाचायला सांगा आणि आकडा मला कळवा. तोपर्यंतही पंखा लावायचाच. चैत्र-वैशाखाचा उकाडा तोंडावर आलाय, बाबांचं बीपी आहे. जास्तीचे अडीचशे रुपये माझ्याकडून समजा.

तुमची लेक

ता. क. एप्रिल-मेमध्ये बिलाबरोबर सुरक्षा ठेवीची वेगळी पावती आली तर दुसरं बिल आलं म्हणून घाबरू नका. वर्षातून एकदा ती तपासतात, कमी पडली तर फरक मागतात. ते पैसे आपल्याच नावावर राहतात आणि त्यावर व्याजही मिळतं. दादाला दाखवून मगच भरा.