नवा हुड म्हणजे चांगली गाडी नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुनी कन्व्हर्टिबल गाडी घेताना काय पाहावं, याबद्दल आपल्या वाहनविषयक पानावर आलेला लेख वाचला. इंजिन, गिअर, टायर, कागदपत्रं याबद्दल लेखकाने लिहिलेलं सगळं बरोबर आहे, पण ते कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडतं. उघड्या छताच्या गाडीची दुखणी वेगळी असतात आणि ती ‘छत नीट उघडतं-मिटतं का ते पाहावं’ एवढ्या एका वाक्यात उरकली आहेत. गाड्यांचे कापडी हुड, म्हणजे उघडता-मिटता येणारी छतं, शिवणं आणि बसवणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या विकण्याआधी हुड बदलून घ्यायला येतात. मग जाहिरातीत ‘नवीन हुड’ असं ठळक छापलं जातं. त्यात खोटं काही नसतं. पण जुना हुड काढला की खालचं सगळं उघडं पडतं, आणि ते मला दिसतं, घेणाऱ्याला दिसत नाही. हुड झिजणारच, तो बदलताही येतो. खालचा पत्रा कुजला असेल तर नव्या कापडाचा काही उपयोग नाही.

नेहमीच्या गाडीत छत हे सांगाड्याचाच भाग असतं. ते काढून टाकलं की गाडी सरळ धरून ठेवण्याचं बरंचसं काम जमिनीच्या पत्र्यावर आणि दाराखालच्या लांबट पोकळ पेटीवर, म्हणजे सिलवर येतं. १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी घ्या. तिची सिल आतून गंजली तर गाडी मधोमध खचायला लागते, आणि वरून रंग मात्र चकचकीत असू शकतो. म्हणून गाडीपाशी गेल्यावर आधी दारं बंद करून बाजूने पाहा. दाराच्या पुढची आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? मग मालकाच्या परवानगीने गाडी नेमून दिलेल्या जागी जॅकवर थोडी उचला आणि तीच फट पुन्हा पाहा. फट बदलली किंवा दार घासायला लागलं, तर त्या गाडीचा विचार सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यावरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली असते.

आता पाण्याबद्दल, कारण गंजाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. कापडी हुडवरून ओघळलेलं पाणी गाडीच्या आतल्या एका पन्हाळीत जातं आणि तिथून नळ्यांवाटे खाली जमिनीवर पडतं. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये ही भोकं दोन्ही सीटच्या मागे, सीटबेल्टच्या खांबांजवळ असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानं, धूळ, फुलांचा चुरा जमून नळ्या तुंबतात. मग पाणी आत सांडतं, कार्पेटखाली मुरतं आणि सिल आतून कुजवतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. नळी साफ करायला कडक तार मात्र घालू नये. ती नळीला भोक पाडते किंवा नळी जागेवरून निसटवते, आणि मग पाणी थेट सिलमध्येच उतरतं. मऊ, बोथट नायलॉनची दोरी वापरावी.

विक्रीआधी आतून शाम्पू मारून सुगंधी फवारा मारलेला असतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका. चालकाच्या सीटमागचं कार्पेट कडेने उचला आणि खालच्या फोमवर टिशू पेपर घट्ट दाबून धरा. वरचं कार्पेट कोरडं ठाक असतं आणि फोम पिळला तर पाणी गळतं, असं मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. हा फोम जाड असतो, गाडी उन्हात ठेवली तरी लवकर वाळत नाही. फोमखालच्या पत्र्यावर तपकिरी रेषा दिसली तर पाणी तिथपर्यंत उभं होतं असं समजा. सीटच्या पटऱ्यांचे बोल्टही पाहा. त्यांची डोकी गंजून फुगली असतील तर दुरुस्ती नुसत्या सफाईने भागणारी नाही. काही गाड्यांत तर सीटखाली इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. १९९६ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखण्यासाठी इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट तिथेच आहे. ते भिजलं की कुलूप चालत नाही, गाडी सुरू होत नाही, आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

हुडबद्दल बोलायचं तर, गाडी पाहायला जाण्याआधीच मालकाला हुड लावून ठेवायला सांगा. कापड बराच काळ घडीत राहिलं की आकसतं, आणि मग कडी लावायला दोन माणसांनी ओढावं लागतं. सुस्थितीतला हुड एका माणसाला बसवता आला पाहिजे. कापडाआधी शिवण जाते, कारण उन्हाने दोरा कुजतो, तेव्हा शिवणीवर नख घासून पाहा. व्हिनाइल घडीवर तडकतं. चांगल्या कापडी हुडमध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर असतो, तो फाटला की वरून धड दिसणारा हुडही झिरपतो. प्लॅस्टिकची मागची काच पिवळी पडली असेल तर रात्री मागचं काही दिसणार नाही. काच खरी असेल तर तिच्या कडेने बोट फिरवा, चिकटवलेला जोड सुटायला कोपऱ्यातून सुरुवात होते.

छत विजेवर आणि तेलाच्या दाबावर चालणारं असेल तर ते इंजिन चालू ठेवून दोनदा पूर्ण उघडायला आणि मिटायला लावा. १९८९ पासूनच्या मर्सिडीज एसएल, म्हणजे आर१२९, मध्ये हायड्रॉलिक सिलिंडरांची, तेल अडवणारी सीलं वयाने जातात आणि पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीतून तेल ठिबकतं. सन व्हायझरवर किंवा अस्तरावर तेलकट डाग शोधा. ‘फक्त एक स्विच गेलाय’ असं विकणारा म्हणाला, तर तो स्विच आधी बसवून घ्या, मग बोला. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेसारखं घडीचं पत्र्याचं छत असेल तरी निर्धास्त राहू नका, तिथेही रबर वाळतं आणि पाणी आत येतं.

शेवटी गाडीवर पाणी ओता. प्रेशर पंपाने नको, साध्या पाइपने, पावसासारखं वरून, दहा मिनिटं. तुम्ही आत बसा आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. नंतर खाली वाकून पाहा, दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून पाणी पडायलाच हवं. एका बाजूने पडत नसेल तर ते गाडीतच राहिलंय. हे करू द्यायला जो मालक नाही म्हणतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

आपल्याला माझी एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लेख येणार असेल तर प्रत्येक मॉडेलच्या पाण्याच्या वाटा दाखवणारी आकृती छापावी. भोकं कुठे हुडच्या घडीखाली असतात, कुठे सीटमागे, तर कुठे डिकीच्या कडेला. ती कुठे आहेत हे कळलं की ती स्वच्छ ठेवणं कोणालाही घरच्या घरी जमतं, आणि ज्यांनी गाडी आधीच घेतली आहे त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
हुडचं काम करणारा एक वाचक