कार्नोची मर्यादा आणि दोन अणुकेंद्रे

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

अणूएवढी इंजिने कार्नोची मर्यादा, म्हणजे उष्णतेचा फार तर किती भाग कामात बदलता येतो ती सीमा, ओलांडतात हे खरे का, असे बाबांनी विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून लिहिते.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या संचात वाफ सुमारे ५४० अंशांवर टर्बाइनमध्ये शिरते आणि चाळीसेक अंशांवर कंडेन्सरमध्ये तिचे पाणी होते. तेवढ्यावरून मर्यादा साठ टक्क्यांच्या आसपास निघते आणि हाती जेमतेम तिच्या निम्म्याहून थोडे अधिक लागते, हे बाबांना मी काय सांगावे! मात्र कार्नोच्या १८२४ सालच्या त्या विचारात उष्ण आणि थंड बाजूंचा आधीपासून परस्परांशी काही संबंध नाही, हे न बोलता गृहीत धरलेले असते.

हा संबंध आधीच असला, तर काय होते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. क्लोरोफॉर्मच्या रेणूतील हायड्रोजनचे अणुकेंद्र उष्ण आणि कार्बनचे थंड ठेवून, त्या दोहोंत क्वांटम सहसंबंध, म्हणजे एकाची स्थिती दुसऱ्याच्या स्थितीशी बांधलेली असणे, निर्माण केला, तेव्हा उष्णता चक्क थंडाकडून उष्णाकडे गेली. सहसंबंध खर्ची पडत होता, म्हणूनच हे घडले. ज्या जोडीत तो नव्हता, तिथे उष्णता नेहमीच्याच वाटेने गेली.

म्हणजे सहसंबंध हे इंधन आहे, आणि त्याचे मापही ठरलेले आहे. दोन क्यूबिटांमधील (क्यूबिट म्हणजे अशा अणुकेंद्रासारखी दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली) साध्या, अभिजात सहसंबंधातून खोलीच्या तापमानाला फार तर ३ × १०⁻²¹ जूल काम मिळते. पूर्ण एंटँगल्ड, म्हणजे क्वांटम रीतीने पुरत्या गुंतलेल्या, जोडीतून त्याच्या दुप्पट. क्वांटमपणाचा खरा लाभ काय तो हा दुप्पटीचा.

आता बाबांचा हिशेब. फीडपंप, पंखे आणि कोळशाच्या चक्क्या यांनी खाल्लेली वीज वजा केल्याखेरीज तुम्ही संचाच्या निर्मितीचा आकडा कधी मान्य केला नाहीत. इथेही अणुकेंद्रांचा सहसंबंध रेडिओलहरींचे झोत देऊन घडवावा लागतो आणि त्याला काम लागते. ते जमेस धरले की, उष्णता आपोआप थंडाकडून उष्णाकडे जात नाही हा उष्मागतिकीचा दुसरा नियम अबाधित राहतो. मर्यादा ओलांडल्याचे बहुतेक मथळे, माझ्या मते, हा खर्च वगळून लिहिलेले असतात.

आई, ‘एवढ्याशा इंजिनावर काय चालणार?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर, खरोखर काहीच नाही. मला त्यातला उलटा फेरा, म्हणजे शीतयंत्र, अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण क्वांटम संगणकातील क्यूबिट वापरण्याआधी थंड करावे लागतात. सध्या आमचे काम त्यावरच चालू आहे.

तुमची लेक